निवेदन कुणाच्या तोंडून? स्कॉट्स आणि इंग्रजीतल्या कविता-गोष्टी

पाऊसवेडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

नऊ वर्षं झाली, मी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर अँगस परगण्यात राहते. इथल्या गावच्या वाचनालयात महिन्यातून एका गुरुवारी संध्याकाळी लिहिणारी दहा-बारा माणसं जमतात. एक निवृत्त शिक्षिका आहेत, एक मेंढपाळ आहेत, एका आजोबांची उमेदीची सगळी वर्षं मासेमारीच्या बोटीवर गेली. प्रत्येकानं काहीतरी लिहून आणायचं आणि मोठ्यानं वाचायचं, एवढाच नियम. काही लेखन स्कॉट्समध्ये असतं, काही इंग्रजीत, आणि पुष्कळदा दोन्ही भाषा एकाच पानावर नांदतात.

ज्यांना स्कॉट्सची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही गेलिक नव्हे. गेलिक केल्टिक कुळातली, डोंगराळ भागातली आणि पश्चिमेच्या बेटांवरची. स्कॉट्स सखल भागातली, जुन्या इंग्रजीच्या उत्तरेकडच्या बोलीतून वाढलेली, म्हणजे आजच्या इंग्रजीची सख्खी बहीण. पंधराव्या-सोळाव्या शतकात दरबार, कायदे, कविता सगळं तिच्यात चालायचं. मग १५६० च्या धर्मसुधारणेनंतर चर्चमध्ये बायबल आलं ते इंग्रजी, १६०३ मध्ये इंग्लंडची गादी मिळालेला राजा सहावा जेम्स दरबारासह लंडनला गेला, आणि १७०७ मध्ये दोन्ही संसदा एक झाल्या. मोठ्या कामांची भाषा इंग्रजी झाली. शेत, गोठा, स्वयंपाकघर, भांडण आणि अंगाई स्कॉट्सकडे राहिली. २०११ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांनी आपण स्कॉट्स बोलतो असं नोंदवलं.

आता धागा का काढला ते सांगते. हिवाळ्यात बोटीवरच्या आजोबांनी त्यांच्या आईच्या शेवटच्या रात्रीची गोष्ट वाचली. घरातली माणसं बोलत होती स्कॉट्स, निवेदन मात्र शाळेत शिकवतात त्या इंग्रजीत. वाचून झाल्यावर शिक्षिकाबाई एवढंच म्हणाल्या, "सगळे खोलीत आहेत आणि तुम्ही एकटेच दाराबाहेर उभे राहून सांगताय."

पुढच्या महिन्यात ते तीच गोष्ट पुन्हा घेऊन आले. 'शी वॉज क्राइंग'च्या जागी आता 'शी विझ ग्रीटिन' होतं. इंग्रजीत ग्रीट म्हणजे स्वागत करणं, स्कॉट्समध्ये ग्रीट म्हणजे रडणं. त्या एका शब्दानं ते खोलीच्या आत आले. नंतर मी त्यांचा कागद हातात घेऊन पाहिला. ग्रीटिनच्या शेवटी, 'वि'च्या (विथ) शेवटी, 'ओ'च्या (ऑफ) शेवटी त्यांनी आधी लोपचिन्हं (अ‍ॅपॉस्ट्रॉफी) दिली होती, जणू इंग्रजीतलं अक्षर माझ्याकडून गळलं आहे अशी कबुली. मग एकेक चिन्ह खोडरबरानं पुसलं होतं. तिथं तिथं कागद पातळ झाला होता.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. पात्रांच्या तोंडी बोली घालणं सगळेच करतात. निवेदकाच्या तोंडी ती कधी आणि कशी आली? आणि कवी जेव्हा एकाच कवितेत दोन भाषा वापरतो, तेव्हा तो नेमकं काय करत असतो? तुम्ही यातलं काही वाचलं असेल तर लिहा. मीही जमेल तसं लिहीत राहीन.

गोदाकाठ

वाचनखूण साठवली. ते पातळ झालेल्या कागदाचं वाचून थांबलो थोडा वेळ.

बर्न्सपासून सुरुवात कराल का? आम्हाला त्याचं नाव माहीत आहे, पण तो कुठल्या भाषेत लिहीत होता हे कधी कुणी सांगितलं नाही.

पाऊसवेडी

@गोदाकाठ, जरूर. रॉबर्ट बर्न्स, जन्म २५ जानेवारी १७५९, एअरशायरमधलं अ‍ॅलोवे गाव. बाप कुळानं शेती करणारा. पहिला संग्रह १७८६ च्या जुलैअखेर किलमार्नॉकला छापला गेला, ६१२ प्रती, किंमत तीन शिलिंग. संग्रहाच्या नावातच 'मुख्यतः स्कॉटिश बोलीतल्या कविता' असं आहे. मला त्यातला 'मुख्यतः' हा शब्द फार मोलाचा वाटतो. म्हणजे काही इंग्रजीतही आहेत आणि काहींत दोन्ही आहेत, हे त्यानं मुखपृष्ठावरच सांगून टाकलं. पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थांची यादीही दिली.

त्यातली उंदरावरची कविता घ्या. नांगरताना उंदराचं घरटं मोडलं, त्या उंदराशी नांगरणारा बोलतो आहे. सुरुवात अशी: 'वी, स्लीकिट, काउरिन, टिम्रस बीस्टी'. इवलासा, तुकतुकीत, अंग चोरून बसलेला, भेदरलेला जीव. हे चारी शब्द तोंडानं म्हणून बघा. माणूस वाकून, हात गुडघ्यांवर ठेवून बोलतोय असं वाटतं. आणि दुसरं कडवं लागताच भाषा बदलते: 'आय अ‍ॅम ट्रूली सॉरी मॅन्स डोमिनियन हॅज ब्रोकन नेचर्स सोशल युनियन'. इथं माणूस उभा राहिला. डोमिनियन, युनियन, ओपिनियन हे पुस्तकातले शब्द. मनुष्यजातीच्या वतीनं माफी मागायची तर ती इंग्रजीत, त्या एका उंदराची समजूत काढायची ती स्कॉट्समध्ये. त्याला दोन्ही येत होतं आणि दोन्हींचं काम काय हे कळत होतं.

उंबरठा : थोडी असहमती

धागा उत्तम, पण हे इतकं सरळ आहे का? बर्न्स त्या वर्षाच्या अखेरीस एडिनबरोला गेला तेव्हा तिथल्या हेन्री मॅकेन्झी या लेखकानं त्याला 'देवानं शिकवलेला नांगऱ्या' ठरवलं. शहरातल्या सभ्य लोकांना नांगऱ्या हवा होता, पण विचार त्यांच्या इंग्रजीत ऐकायचे होते. जिथं 'मोठा' विचार येतो तिथं इंग्रजी येते, ही त्या काळाची सक्तीही असू शकते. निवडच होती असं आपण आज कौतुकानं म्हणतो.

एडविन म्यूर या कवीनं १९३६ च्या आपल्या पुस्तकात हेच दुखणं मांडलं होतं: स्कॉटिश माणूस भावना एका भाषेत अनुभवतो आणि विचार दुसरीत करतो, त्यामुळे त्याचं साहित्य दुभंगलेलं राहतं. म्यूर स्वतः ऑर्कनी बेटांवरचा आणि लिहायचा इंग्रजीत.

पाऊसवेडी

@उंबरठा, सक्ती होती हे मान्य. पण सक्तीच्या हत्यारानंही कुशल माणूस आपलं काम करून घेतो. बर्न्सच्याच 'टॅम ओ'शँटर' या कवितेत बघा. बाजाराच्या दिवशी दारू पीत बसलेला टॅम, घरी वाट बघणारी बायको, सगळं खणखणीत स्कॉट्समध्ये. आणि गुत्त्यातल्या सुखाच्या ऐन शिखरावर अचानक शुद्ध इंग्रजीत ओळी येतात: सुखं अफूच्या फुलांसारखी असतात, खुडली की पाकळ्या गळतात, नदीवर पडणाऱ्या बर्फासारखी, क्षणभर पांढरी आणि मग कायमची नाहीशी. आमच्या गटातले मेंढपाळ हे तोंडपाठ म्हणतात, आणि तिथं त्यांचा आवाज बदलतो, जणू पाद्रीबुवा मध्येच उठून बोलले. मग टॅमला घोड्यावर बसावंच लागतं आणि स्कॉट्स परत येते, पावसासकट. ती गार झुळूक आधी येते म्हणून पुढचं चेटकिणींचं नाचणं अंगावर येतं. ही कविता १७९० ची. इथं मला तरी कुणाचा दबाव दिसत नाही, पक्की हातोटी दिसते.

म्यूरबद्दल मात्र मला वाईट वाटतं. दोन भाषांमध्ये वाढलेल्या माणसाला 'तू दुभंगलेला आहेस' असं सांगणं म्हणजे त्याच्या अर्ध्या आयुष्याला आजार ठरवणं. ह्यू मॅकडायर्मिड या कवीनं म्यूरच्या त्या पुस्तकावरून त्याच्याशी कायमचं वैर धरलं.

शब्दवेल्हाळ

मॅकडायर्मिडचं नाव निघालं म्हणून लिहितो. खरं नाव क्रिस्टोफर मरे ग्रीव्ह, लँगहम गावचा, जन्म १८९२. सुरुवातीला हा इंग्रजीतच लिहायचा आणि स्कॉट्समध्ये लिहिणाऱ्यांवर टीका करायचा. मग १९२२ मध्ये पर्थशायरच्या बोलीवरचं एक पुस्तक वाचताना काही शब्द त्याला भेटले आणि त्यातून 'वॉटरगॉ' ही कविता झाली. वॉटरगॉ म्हणजे तुटका, धूसर इंद्रधनुष्याचा तुकडा. त्याच कवितेत 'यौ-ट्रमल' आहे: मेंढ्यांची लोकर कातरून झाल्यावर उन्हाळ्यात जी थंडी पडते, जिच्यात उघड्या पडलेल्या मेंढ्या थरथरतात, तिचं नाव. एका शब्दात हवामान, धंदा आणि दया.

नंतर तो १८०८ चा जेमिसनचा स्कॉट्स कोश घेऊन बसला आणि वेगवेगळ्या परगण्यांतले, वेगवेगळ्या शतकांतले शब्द एकत्र करून लिहू लागला. १९२६ मध्ये काटेरी फुलाकडे बघणाऱ्या दारुड्याची ती प्रदीर्घ कविता आली. लोक म्हणाले, अशी भाषा कुणीच बोलत नाही. बरोबर आहे, पण कवितेनं ती बोलून दाखवली. आणि १९३० नंतर तोच माणूस परत इंग्रजीकडे वळला आणि तिथंही मोठ्या कविता लिहून गेला.

कोशातून लिहिणं आणि जिभेवरचं लिहिणं यात मला स्वतःला जिभेवरचं जवळचं वाटतं. पण कोश नसते तर निम्मे शब्द आज जिभेवर परत आलेच नसते. स्कॉट्सच्या राष्ट्रीय कोशाचे दहा खंड पुरे व्हायला १९३१ ते १९७६ इतकी वर्षं लागली.

रानमेवा

कोशावरून आठवलं. २०२० मध्ये उघडकीला आलं होतं की स्कॉट्स विकिपीडियावरचे हजारो लेख एका अमेरिकन मुलानं लिहिले होते, ज्याला स्कॉट्स येतच नव्हती. इंग्रजी वाक्यात शब्दागणिक कोशातला प्रतिशब्द घालायचा, झालं. त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता, लहान वयात सुरू केलं होतं त्यानं. पण जगानं ते वाचून 'स्कॉट्स म्हणजे वेडंवाकडं लिहिलेलं इंग्रजी' अशी समजूत करून घेतली, हे नुकसान मोठं आहे. भाषा शब्दांत असते त्याहून जास्त वाक्याच्या चालीत असते.

पाऊसवेडी : आता गोष्टींकडे

@रानमेवा, वाक्याची चाल, हेच! गोष्टींमध्ये ते सगळ्यात स्पष्ट दिसतं, म्हणून आता गोष्टींवर लिहिते.

वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांत निवेदन इंग्रजीत आणि नोकरचाकर, भिकारी, म्हाताऱ्या बायका स्कॉट्समध्ये. पण १८२४ च्या 'रेडगाँटलेट'मध्ये एक आंधळा फिडलवाला विली आपल्या आजोबांची गोष्ट सांगतो आणि ती पूर्ण गोष्ट स्कॉट्समध्ये आहे. आजोबा स्टीनी हे कूळ. जमीनदाराला खंडाचे पैसे नेऊन दिले, पण पावती हातात पडण्याआधीच जमीनदार तडफडून मेला. पैशाची थैलीही गायब. मुलगा म्हणतो, पावती दाखव. स्टीनी बिचारा रात्री रानात एका अनोळखी घोडेस्वाराच्या मागून जातो आणि पोचतो तो थेट मेलेल्या जमीनदाराच्या वाड्यात, जिथं सगळे मेलेले जुलमी सरदार मेजवानी करत बसलेत. त्याला खायला देतात, प्यायला देतात, बॅगपाइप वाजव म्हणतात. तो कशालाच हात लावत नाही. मला माझी पावती द्या, बस. आणि पावती मिळते! पैसे नेले होते जमीनदाराच्या पाळीव माकडानं, बुरुजात.

कुळानं जमीनदाराकडे नरकात जाऊन पावती मागायची, ही गोष्ट इंग्रजी निवेदनात सांगितली तर ती निव्वळ भुताची गोष्ट होईल. कुळाचा नातू स्वतःच्या भाषेत सांगतो म्हणून ती खंड भरणाऱ्या प्रत्येकाची होते.

त्यानंतर रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. १८८१ च्या उन्हाळ्यात पिटलॉख्रीजवळ राहून त्यानं 'थ्रॉन जॅनेट' लिहिली. थ्रॉन म्हणजे पिळवटलेली, वाकडी, आणि हट्टीसुद्धा. पहिले दोन-तीन परिच्छेद इंग्रजीत: बालवेअरी गावचे म्हातारे पाद्री सूलिस, त्यांची भेदक नजर, गावकऱ्यांची भीती. मग लेखक म्हणतो की गावातला एखादा म्हातारा तिसऱ्या पेल्यानंतर धीर करून खरी हकिकत सांगतो. आणि पुढची पूर्ण गोष्ट त्या म्हाताऱ्याच्या स्कॉट्समध्ये. इंग्रजी म्हणजे दार. दार लोटून आत गेलं की शेकोटीजवळ बसलेला म्हातारा, आणि गोष्ट संपेपर्यंत इंग्रजी परत येत नाही.

याच स्टीव्हन्सननं १८८७ च्या कवितासंग्रहाचे सरळ दोन भाग केले, एक इंग्रजी, एक स्कॉट्स. प्रस्तावनेत त्यानं सांगून टाकलं की माझी स्कॉट्स लॉडरडेलची आहे की अँगसची, मर्न्सची की गॅलोवेची, याची मी पर्वा केलेली नाही. जमेल तितकी चांगली लिहिली आहे. आमच्या गटात नवीन माणूस आला आणि 'माझी स्कॉट्स शुद्ध नाही' म्हणाला की शिक्षिकाबाई त्याला हे वाचून दाखवतात.

मोल्सवर्थप्रेमी

अवांतर: लॉडरडेल वाचून दचकलो. आपल्या मुंबईच्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन त्याच खोऱ्यातल्या लॉडर गावचे, जन्म १८०४, मुंबईत आले १८२९ मध्ये. मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीला मराठी भाषेच्या घडणीवरची त्यांची टिपणं जोडलेली आहेत. अवांतर समाप्त.

सराफ्याजवळ : इंदूरहून

एक जोड आमच्या बाजूचीही आहे. व्हायोलेट जेकब, १८६३ ते १९४६. धागाकर्तीच्याच अँगसमधली, माँट्रोजजवळच्या 'हाउस ऑफ डन' या घराण्यातली. नवरा लष्करात, म्हणून १८९५ पासून पाचेक वर्षं ती इथं महूच्या छावणीत राहिली. (हेच महू, जिथं १८९१ मध्ये बाबासाहेबांचा जन्म झाला.) इथली रानफुलं तिनं रंगवून ठेवली, रोजनिशी आणि पत्रं लिहिली, ती पुढं १९९० मध्ये पुस्तकरूपानं आली.

तिनं कादंबऱ्या इंग्रजीत लिहिल्या, पण कविता स्कॉट्समध्ये, १९१५ चा 'साँग्ज ऑफ अँगस'. रानहंसांवरची तिची एक कविता आहे: गाव सोडून दूर राहिलेला माणूस उत्तरेच्या वाऱ्याला विचारतो, वाटेत काय काय पाहिलंस? वारा सांगत जातो, खाडी, कुरणं, उडत जाणारे हंस. शेवटी तो माणूस म्हणतो, पुरे, आता थांब, ऐकवत नाही. मी महूला जाऊन त्या जुन्या बंगल्यांच्या रस्त्यावर ही कविता वाचली आहे. आमच्या घराण्याला महाराष्ट्र सोडून दोनशे वर्षं झाली. मला ती परकी वाटली नाही.

पाऊसवेडी

@सराफ्याजवळ, तुमचा प्रतिसाद मी छापून घेतला आणि गुरुवारी सगळ्यांना इंग्रजी करून सांगितला. ती कविता इथं गाणं म्हणूनही गातात. बोटीवरच्या आजोबांनी लगेच म्हणायला घेतली आणि तिसऱ्या कडव्याला सगळे त्यांच्यात मिसळले. जेकबचा एकुलता एक मुलगा १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत गेला. महूच्या त्या घरात तो लहानाचा मोठा होत होता.

उंबरठा

मागे घेतो काही शब्द. सक्ती आणि निवड एकाच माणसात शेजारी राहू शकतात हे पटलं.

कादंबरीत निवेदनच बदलून टाकणारा म्हणजे लुइस ग्रॅसिक गिबन, १९३२ ची 'सनसेट साँग'. त्यानं गावातल्या बोलण्याची लय निवेदनात घेतली. शब्द मोजके स्कॉट्स, पण वाक्य बोलल्यासारखं लांबत जाणारं, 'तू' म्हणत सांगणारं. त्यातली क्रिस गथ्री म्हणते तशा दोन क्रिस तिच्या आत भांडत असतात: एकीला पुस्तकं आणि इंग्रजी हवं, दुसरीला जमीन आणि तिथल्या माणसांचं बोलणं. एका दिवशी एक जिंकते, दुसऱ्या दिवशी दुसरी. आपल्याकडे 'पाचोळा'त रा. रं. बोराड्यांनी पार्वतीच्या तोंडून पूर्ण कादंबरी मराठवाड्याच्या बोलीत सांगितली, तेव्हा निवेदनाचं दार असंच उघडलं होतं.

रानमेवा

आणि विल्यम लॉरिमर यांचा बायबलचा नवा करार! मूळ ग्रीकमधून त्यांनी स्कॉट्समध्ये आणला, त्यांच्या मृत्यूनंतर मुलानं १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. येशू, मासेमार, सगळे स्कॉट्स बोलतात. परिशिष्टात सैतान येशूला मोह घालतो त्या प्रसंगाचा एक पर्यायी मसुदा आहे, त्यात सैतान तेवढा प्रमाण इंग्रजीत बोलतो.

गोदाकाठ

आज परिस्थिती काय आहे? शाळेत शिकवतात का?

पाऊसवेडी

शिक्षिकाबाई सांगतात, त्यांच्या लहानपणी वर्गात स्कॉट्स शब्द उच्चारला की हातावर चामड्याचा पट्टा बसायचा. आणि जानेवारीत बर्न्सच्या जयंतीला त्याच वर्गात त्याची कविता म्हणायला लावून बक्षीस द्यायचे. हे सांगताना त्यांचा आवाज अजून कापतो. आता पुष्कळ बदललं. २००२ पासून जेम्स रॉबर्टसन आणि मॅथ्यू फिट यांनी मुलांसाठी स्कॉट्स पुस्तकं काढायला घेतली, २०१७ मध्ये हॅरी पॉटरचा पहिला भागही फिट यांनी स्कॉट्समध्ये आणला. ऑर्कनीच्या बोलीत लिहिलेल्या अंतराळातल्या एका कादंबरीला, तीही पद्यात, २०२२ चा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळाला. २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेनं गेलिकबरोबर स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा देणारा कायदा केला. लोपचिन्हांचं विचारलंत व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) काही जणांनी: त्यांना इथं 'माफी मागणारी लोपचिन्हं' म्हणतात, आणि ती टाळावीत असं कवींनी १९४७ मध्येच ठरवलं होतं. आजोबांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ती आपणहून पुसली.

बांधावरचा

उशिरा आलो. माण तालुक्यातला आहे, घरी अजून शेती आहे. बर्न्सच्या उंदराचं पहिलं कडवं आमच्या बोलीत आणि दुसरं प्रमाण मराठीत करून पाहिलं. दोन ठिकाणी अडलो. एक, त्या नांगऱ्याच्या हातातलं 'पॅटल' म्हणजे फाळाला चिकटलेली माती काढायची काठी असं दिसतं, ते तसंच साधं लिहिलं. दुसरी अडचण मोठी. आपल्याला 'रं' किंवा 'गं' म्हणावंच लागतं, आणि कवितेच्या ओळींमधून तो उंदीर आहे की उंदरीण, ते कळत नाही. आधी 'रं' लिहिलं होतं. मग कडब्याची गंज हलवताना एक घरटं निघालं. चिंध्या, वाळकं गवत, कापसाचा एक बोंडभर पुंजका, इतकं नीट लावलेलं. घरी येऊन 'गं' केलं.

> इवलुशा, तुकतुकीत, आंग चोरल्याल्या भेदरट जिवा,
> किती गं धडधडतंय काळीज तुजं!
> नगं आशी दचकून उठूस,
> नगं जीव घिऊन पळूस.
> म्या कशापायी लागू तुज्या मागं
> फाळाची माती काढायची काठी घिऊन?
>
> मानवाच्या सत्तेने निसर्गातले सख्य भंगले
> याचा मला मनःपूर्वक खेद आहे.
> मातीतूनच जन्मलेल्या या दीन सोबत्याला,
> तुझ्यासारख्याच मर्त्य जिवाला पाहून
> तू दचकतेस,
> ते तुझे दचकणे न्याय्य आहे.

पाऊसवेडी

@बांधावरचा, हे मी गुरुवारी मराठीतच वाचलं, आधी काहीही न सांगता. दुसरं कडवं सुरू झालं तसं मेंढपाळांनी बोट वर केलं आणि म्हणाले, "इथं बदललं ना?" त्यांना मराठीचा एक शब्द येत नाही.

तिसरं कडवं कराल का? उंदरानं शेतातलं एखादं कणीस चोरलं तर काय झालं, असं तो म्हणतो तिथपासून. पुढच्या गुरुवारला अजून तीन आठवडे आहेत.